घरफोडीचा गुन्हा आणि हेतूची वेळ

सकाळी उठून पाहावे तो मागच्या दाराचा कोयंडा उचकटलेला, कपाटातील कपडे फरशीवर विखुरलेले आणि दागिन्यांचा डबा नाहीसा, असा प्रसंग ज्याच्यावर गुदरतो त्या गृहस्थाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो ‘चोरी झाली’ असा. आणि पोलीस ठाण्यात गेल्यावरही बहुधा तो तेवढेच सांगतो. गेलेल्या जिनसांची यादी तो आठवून आठवून देतो, परंतु चोर कोणत्या वाटेने आणि कोणत्या वेळी आत आला याविषयी ‘कसा तरी शिरला असेल’ एवढे बोलून थांबतो. वस्तुतः कायद्याच्या दृष्टीने त्या रात्री दोन निरनिराळे गुन्हे घडलेले असतात. वस्तू नेली हा एक, आणि ती नेण्याच्या इराद्याने घरात प्रवेश केला हा दुसरा; आणि या दोहोंत दुसरा अधिक गंभीर मानलेला आहे. राहत्या घरातील चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. उलट चोरी करण्यासाठी केलेल्या घरफोडीला कलम ३३१ प्रमाणे दिवसा दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी ती केली असेल तर चौदा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. नेलेल्या ऐवजापेक्षा ओलांडलेल्या उंबरठ्याला विधिकर्त्यांनी दिलेले हे महत्त्व ज्याने ओळखले, त्याला फिर्याद कशी द्यावी, काय जपावे आणि कोणता आरोप टिकेल, हे बऱ्याच अंशी आपोआप कळते. यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

गुन्ह्याच्या तीन पायऱ्या

मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये ज्याचा मसुदा सिद्ध केला, जो १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला, त्या भारतीय दंड संहितेत या विषयाची मांडणी पायऱ्यापायऱ्यांनी केलेली होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, काही दंडाच्या रकमा वाढल्या, परंतु या गुन्ह्याचा सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा राहिला. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्याने वाचकांना आणखी काही वर्षे ४४१, ४५४, ४५७ हे जुने आकडेही कानी पडत राहतील.

पहिली पायरी म्हणजे फौजदारी स्वरूपाचे अतिक्रमण. दुसऱ्याच्या ताब्यातील मालमत्तेत, एखादा अपराध करण्याच्या अथवा ताबेदारास धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या किंवा त्याला त्रास देण्याच्या उद्देशाने जो प्रवेश करतो, तो हा गुन्हा करतो. त्याचप्रमाणे जो प्रथम कायदेशीरपणे आत आला, पण पुढे तशाच उद्देशाने बेकायदा तेथे राहिला, तोही हाच गुन्हा करतो. दुसरी पायरी गृह-अतिक्रमणाची. हेच अतिक्रमण माणसांच्या वस्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीत, तंबूत वा जहाजात, अथवा पूजास्थानात किंवा माल ठेवण्याच्या इमारतीत घडले, की ते गृह-अतिक्रमण होते. आणि त्यासाठी सारे शरीर आत जाण्याची आवश्यकता नाही, शरीराचा कोणताही भाग आत गेला तरी प्रवेश पुरा झाला असे कायदा मानतो. या दोन्ही व्याख्या आता कलम ३२९ मध्ये आहेत.

तिसरी पायरी घरफोडीची. कलम ३३० मध्ये तिचे सहा मार्ग सांगितले आहेत : स्वतः किंवा साथीदाराने पाडलेल्या वाटेने, म्हणजे भिंतीला भगदाड पाडून, माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने, किंवा भिंत वा इमारत चढून गाठलेल्या वाटेने, रहिवाशाला अभिप्रेत नसलेल्या रीतीने उघडलेल्या वाटेने, कुलूप उघडून, कोणावर बळ वापरून, हल्ला करून वा तशी धमकी देऊन, आणि जी वाट बंद केलेली आहे हे माहीत असूनही ती खोलून. या सहा मार्गांनी आत शिरणे ही जशी घरफोडी, तशीच अपराधासाठी आत असलेल्या किंवा आत अपराध केलेल्या इसमाने याच मार्गांनी बाहेर पडणे हीही घरफोडीच होय.

जुन्या संहितेने या कलमाखाली दिलेली उदाहरणे मननीय आहेत. दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी वर उचलणारा घरफोडी करतो. घरमालकाची हरवलेली किल्ली ज्याला सापडली आणि त्या किल्लीने कुलूप उघडून जो आत शिरला, तोही घरफोडी करतो. कुलपावर एक ओरखडा उठलेला नाही, ही सबब त्याला उपयोगी पडत नाही. तेव्हा ‘काही मोडलेले नाही, मग घरफोडी कशी?’ ही लोकांची समजूत चुकीची आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. अडथळ्याचा अनादर हे या गुन्ह्याचे मर्म आहे. अडथळ्याचे तुकडे झाले की नाही हा गौण प्रश्न होय.

हेतू कोणत्या क्षणी असावा?

या तिन्ही पायऱ्या ज्या एका आधारावर उभ्या आहेत तो आधार म्हणजे अपराधी हेतू, आणि तोही योग्य वेळी मनात असलेला हेतू. नुसत्या प्रवेशाने गुन्हा होत नाही, आणि नुसत्या नंतरच्या चोरीने प्रवेश गुन्हेगारी ठरत नाही. प्रवेश आणि हेतू यांची गाठ एकाच क्षणी पडली पाहिजे. हा हेतू तडीस गेला नाही तरी चालते. कुलूप उघडून आत शिरलेला चोर कुत्र्याच्या भुंकण्याने रिकाम्या हाती पळाला, तरी त्याची घरफोडी पूर्ण झालेली असते. म्हणूनच ‘काही गेले नाही ना, मग कशाला फिर्याद?’ असे म्हणून जे स्वस्थ बसतात, ते एका गंभीर अपराधाकडे कानाडोळा करत असतात.

नळ दुरुस्त करण्यासाठी बोलावलेला कारागीर स्नानगृहातील काम आटोपून निघताना टेबलावरचे घड्याळ खिशात घालतो, असे समजा. तो आला तेव्हा बोलावण्यावरून आला, दारही घरच्यांनीच उघडले, आणि मोह झाला तो घड्याळ दृष्टीस पडल्यावर. त्याने राहत्या घरातील चोरी निःसंशय केली. परंतु घरफोडी केली नाही. हेच कृत्य घरच्या नोकराने केले तर नोकराने केलेल्या चोरीचे कलम ३०६ लागेल, पण घरफोडीचे नव्हे. गड्यामाणसांवर रागाच्या भरात घरफोडीचा आरोप करणारे फिर्यादी पुष्कळदा येथेच फसतात आणि बचावाच्या वकिलाच्या हाती आयते शस्त्र देतात.

आता दुसरे दृश्य पाहा. संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत एक इसम कापडाच्या दुकानात शिरतो, ठाणांच्या मांडणीमागे दडून बसतो, मालक शटर ओढून कुलूप लावून घरी गेला की बाहेर येतो, गल्ला रिकामा करतो आणि मागच्या दाराची आतून लावलेली कडी काढून अंधारात निघून जातो. त्याचा प्रवेश उघड्या दारातून झाला, गिऱ्हाईक म्हणून झाला. परंतु दुकान बंद झाल्यावर चोरीच्या उद्देशाने तेथे राहण्याचा त्याला कोणताही अधिकार नव्हता, म्हणून व्याख्येच्या दुसऱ्या भागानुसार त्याचे राहणे हेच अतिक्रमण झाले. मालकापासून लपण्याची खबरदारी घेतल्याने ते छुपे गृह-अतिक्रमण झाले. आणि बंद दार खोलून तो बाहेर पडला तेव्हा घरफोडीही झाली. येथे हेतूची वेळ मोजावयाची ती दारातून आत येण्याच्या क्षणापासूनच असे नाही. बेकायदा राहण्याच्या क्षणी तो हेतू मनात होता, एवढे पुरेसे आहे.

तिसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. मुसळधार पावसात सापडलेला वाटसरू ओसाड जागेवरील गोदामाची कडी काढून आश्रयासाठी आत बसतो, आणि तासाभराने तेथील तांब्याच्या तारेचे भेंडोळे पाहून त्याची बुद्धी फिरते. आत येताना त्याच्या मनात अपराध नव्हता. आणि तो कायदेशीरपणे आत आला होता असेही म्हणता येत नाही. आपल्या व्याख्येचा पहिला भाग प्रवेशाच्या क्षणीच्या हेतूविषयी बोलतो, दुसरा भाग कायदेशीर प्रवेशानंतरच्या राहण्याविषयी. हा मनुष्य त्या दोहोंच्या मधल्या फटीत येतो. चोरीची शिक्षा त्याला चुकत नाही, परंतु घरफोडीचा आरोप सिद्ध करावयाचा तर त्याची आश्रयाची हकीगत खोटी आहे, हे परिस्थितीवरून दाखवावे लागेल.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. न्यूयॉर्क राज्यात थंडी व बर्फापासून बचाव करण्यासाठी खिडकीतून एका इमारतीत शिरल्याचे सांगणाऱ्या आरोपीच्या खटल्यात तेथील वरिष्ठ न्यायालयाने १९८९ मध्ये, बेकायदा प्रवेशाच्याच वेळी गुन्ह्याचा हेतू असला पाहिजे, असा दंडक घालून दिला. इंग्लंडात मात्र १९६८ च्या चोरीविषयक कायद्याने दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या आहेत : चोरीच्या हेतूने अनधिकृत प्रवेश करणारा जसा दोषी, तसा अनधिकृत प्रवेशानंतर प्रत्यक्ष चोरी करणाराही दोषी, मग तो हेतू आत गेल्यावर का उपजलेला असेना. परदेशी चित्रपट व कादंबऱ्या यांवरून आपल्या कायद्याची कल्पना करून घेणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

चोरीच्या गुन्ह्यातही वेळेचा प्रश्न असतोच, पण तेथे तो वस्तू हलवण्याच्या क्षणाशी निगडित असतो. पाहुणा म्हणून आलेल्या मनुष्याला टेबलावर अंगठी दिसली, झडतीच्या भीतीने त्याने ती लगेच नेली नाही, परंतु विसर पडल्यावर न्यावी या विचाराने ती घरातच एखाद्या कोनाड्यात दडवली, तर अंगठी घराबाहेर गेली नसतानाही ती प्रथम हलवली त्याच क्षणी चोरी पूर्ण झाली, असे संहितेतील उदाहरण सांगते. उलट आपली समजून भलतीच वस्तू सद्भावनेने उचलली आणि चूक कळल्यावर ती दाबून ठेवली, तर ती चोरी नव्हे, तो अपहार होतो.

मनातले कसे सिद्ध होते?

हेतू डोळ्यांना दिसत नाही. तो आधीच्या तयारीवरून, प्रवेशाच्या रीतीवरून आणि नंतरच्या वर्तनावरून अनुमानाने काढावा लागतो. जवळ सापडलेली पहार वा बनावट किल्ल्या, तोंडावर बांधलेले फडके, आदल्या दिवशी घराभोवती मारलेल्या घिरट्या, अवेळ, हाक मारताच ठोकलेली धूम, आणि थोड्याच अवधीत त्याच्यापाशी सापडलेला मुद्देमाल, या साऱ्यांची साखळी जुळली तर न्यायालय हेतूविषयी निष्कर्ष काढते. चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्या ताब्यात सापडतो आणि ज्याला त्याचा समाधानकारक खुलासा करता येत नाही, तो स्वतः चोर आहे किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा आहे, असे गृहीत धरण्याची मुभा साक्षीचा कायदा न्यायालयाला देतो. मात्र मूळ आरोप सिद्ध करण्याचा भार सदैव सरकार पक्षावरच असतो.

हेतू आणि जाण यांतील अंतरही विसरून चालणार नाही. माथ्री विरुद्ध पंजाब राज्य या १९६४ च्या प्रसिद्ध निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले, की आपल्या प्रवेशाने ताबेदाराला त्रास होईल हे आरोपीला ठाऊक होते एवढ्यावर भागत नाही. त्रास देणे हाच प्रवेशाचा उद्देश होता, हे दिसले पाहिजे. भाऊबंदकीच्या आणि भाड्याच्या तंट्यांत हे तत्त्व फार मोलाचे ठरते. कोकणातल्या सामाईक घराला एका भावाने आपले कुलूप लावले आणि गणपतीला मुंबईहून आलेल्या दुसऱ्या भावाने ते काढून आपल्या वाट्याच्या खोलीत बिऱ्हाड मांडले, तर आपल्या हक्काच्या प्रामाणिक समजुतीने केलेले ते कृत्य सहसा घरफोडी होत नाही. त्याची दाद दिवाणी न्यायालयात मागावी. याउलट घर माझ्या मालकीचे आहे एवढ्या बळावर भाडेकरूच्या बंद खोलीचे कुलूप फोडून त्याला धाक घालणाऱ्या मालकाने सावध असावे, कारण कायदा विचारतो तो ताबा कोणाचा हे, मालकी कोणाची हे नव्हे.

फिर्यादीने काय करावे

प्रकार उघडकीस येताच प्रथम कशालाही हात लावू नये. आवराआवर करण्याची, कुलूप उचलून पाहण्याची, कपाट बंद करण्याची ऊर्मी स्वाभाविक आहे, परंतु तिला आवर घालावा; कारण प्रवेशाची रीत सांगणारे साक्षीदार म्हणजे ती कडी, ते गज, चौकटीवरचे ओरखडे, भिंतीवरील पावलांची माती आणि काचेवरील ठसे हेच होत. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये असून राज्य शासन ठरवील त्या तारखेपासून ती बंधनकारक होते. म्हणून त्याविषयी ठाण्यात विचारणा अवश्य करावी.

फिर्यादीत पुढील बाबी क्रमाने याव्यात : घर शेवटी कोणी, किती वाजता व कोणकोणती दारे-खिडक्या लावून बंद केले, परत आल्यावर प्रत्येक दार कोणत्या स्थितीत दिसले, किल्ल्या किती व कोणाकोणाकडे होत्या, आणि त्यांतील एखादी पूर्वी हरवली होती काय, घरात येण्याची मुभा कोणाला, कोणत्या कामापुरती व कुठवर होती, आणि ऐवजाचे वर्णन, वजन व पावत्या. वेळ सांगताना विशेष दक्षता घ्यावी, कारण सूर्यास्ताच्या अलीकडे की पलीकडे या एका मुद्द्यावर शिक्षेची मर्यादा बदलते. जे पाहिले ते पाहिले म्हणून आणि जो तर्क आहे तो तर्क म्हणून सांगावे. नव्हते ते कुलूप फोडले म्हणून लिहिणे हे खोटे तर आहेच, शिवाय पंचनाम्याशी विसंगत ठरून सबंध फिर्यादीचा विश्वास घालवणारे आहे.

जबाब वाचून घेतल्यावाचून सही करू नये. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असला तरी जवळच्या ठाण्यात तो नोंदवता येतो. आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिली असल्यास तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. प्रत हाती आल्यावर कलमे पाहावीत. दार खोलून प्रवेश झाला असताना केवळ ३०५ लावले असेल आणि ३३१ चा उल्लेख नसेल, तर ते लेखी अर्जाने निदर्शनास आणावे. ठाण्यात फिर्यादच नोंदवून घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवण्याची आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची वाट खुली आहे. पुढे मुद्देमाल सापडल्यास तो खटला संपेपर्यंत ठाण्यात पडून राहिलाच पाहिजे असे नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दागिन्यांसारख्या वस्तू पंचनामा, छायाचित्रे व हमीपत्र घेऊन लवकर परत द्याव्यात असे सांगितले आहे.

विम्याची बाजू निराळी आहे आणि तिने अनेकांची निराशा केली आहे. हरचंद राय चंदन लाल यांच्या २००४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की विमापत्रात घरफोडीची व्याख्या ‘बळाचा व हिंसेचा वापर करून केलेल्या प्रवेशानंतरची चोरी’ अशी असेल, तर तसा प्रवेश दिसल्याशिवाय भरपाई मागता येणार नाही. म्हणजे सापडलेल्या किल्लीने केलेला प्रवेश फौजदारी कायद्याप्रमाणे घरफोडी असूनही विमापत्राप्रमाणे ती घरफोडी ठरणार नाही, असे होऊ शकते. विमा उतरवतानाच ही व्याख्या शब्दशः वाचावी, आणि साध्या चोरीचेही संरक्षण हवे असल्यास ते तेव्हाच मागून घ्यावे.

स्वसंरक्षणाविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. रात्रीच्या घरफोडीत मालमत्तेच्या बचावाचा हक्क प्रसंगी प्राण घेण्यापर्यंत जाऊ शकतो आणि घरफोडीने सुरू झालेले अतिक्रमण चालू असेपर्यंत तो टिकतो. परंतु बचावास आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा तो कोणालाही देत नाही. पकडून खांबाला बांधलेल्या मनुष्यावर जमावाने हात उगारला, तर तेथे बचाव उरलेला नसतो, नवा अपराध सुरू झालेला असतो. शिवाय रात्री अंधारात दार ढकलणारा प्रत्येक मनुष्य चोरच असतो असेही नाही. तो चुकलेला वाटसरू असेल, भ्रमिष्ट असेल, मदत मागणारा शेजारीही असेल.

प्रवेशाच्या क्षणीच्या हेतूवर कायद्याने दिलेला भर काहींना चोराला मोकळीक देणारा वाटतो. मला तो दोन्ही पक्षांना न्याय देणारा वाटतो : ज्याने दुसऱ्याच्या निवाऱ्याची शाश्वती हेतुपुरस्सर मोडली त्याला, हाती काही लागलेले नसतानाही, तो कठोर शासन करतो, आणि जो अपराधाचा विचार मनात न बाळगता आत आला, त्याला त्याने प्रत्यक्षात केलेल्या कृत्यापुरतेच उत्तरदायी धरतो. हा विवेक न्यायालयात साकार व्हावयाचा तर त्याला लागणारी सामग्री घरमालकाच्याच हाती असते, आणि ती त्याने पहिल्या काही तासांत, न वाढवता आणि न लपवता, पोलिसांच्या स्वाधीन केली पाहिजे.